राजदूत ३५०चे इंडिकेटर आणि वाटेत हरवलेले चार व्होल्ट

उजवा इंडिकेटर लावला की पुढचा-मागचा बल्ब नुसता पेटून राहायचा, लुकलुकायचाच नाही. त्यातही मागचा इतका मंद की दुपारच्या उन्हात तो पेटलाय का हे हाताचा आडोसा करून बघावं लागायचं. डावा लुकलुकायचा, पण घाईघाईने आणि लय सोडून. ब्रेक दाबला की डावाही अडकायचा. आणि हेडलाइट लावून गाडी आयडलिंगवर सोडली तर दोन्ही बाजू ठप्प. जरा रेस दिली की डावा पुन्हा चालू.

गाडी माझ्या काकांची, १९८६ची राजदूत ३५०. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५०बी वरून १९८३मध्ये आपल्याकडे आणलेली, ३४७ सीसी, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक, सहा गिअर. सुरुवातीच्या हाय टॉर्क गाड्या साडेतीस बीएचपीच्या, नंतरच्या लो टॉर्क सत्तावीसच्या. या गाडीबद्दल बोलायला बसलं की माणसं इंजिन, सायलेन्सर, कार्ब्युरेटर यांवर रात्र काढतात. वायरिंगचा विषय निघाला की मात्र सगळे गप्प, कारण चाळीस वर्षांत त्या वायरिंगला किती हात लागलेत हे कुणालाच माहीत नसतं. काकांच्या गाडीचं काही वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोरेशन झालं होतं. चेसिसला आणि मडगार्डला पावडर कोटिंग, टाकीवर सुंदर पट्टे. दिसायला गाडी देखणी झाली आणि इंडिकेटरचं दुखणं तेव्हापासूनच सुरू झालं. हा योगायोग नव्हता, पण ते पुढे येईलच.

घाई होती ती पासिंगची. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते आणि गाडी आरटीओत नेऊन दाखवावी लागते. काकांचा प्रश्न सरळ होता, "अरे, नाना पेठेतून नवा फ्लॅशर आणू का? दीडशे-दोनशेचा तर येतो." मी म्हटलं, "नका आणू काका. आधी मीटर लावून बघू द्या मला."

माझं पोटापाण्याचं काम भोसरीतल्या कारखान्यांची कंट्रोल पॅनेल दुरुस्त करण्याचं. तिथली एक सवय अंगात मुरलेली आहे. पार्ट बदलायचा तो दोष सापडल्यावर, दोष सापडावा म्हणून नाही. जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत नेमकं उलटं चालतं. फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा भाग, हा एकच डबा पटकन काढता-घालता येतो, म्हणून सगळा दोष त्याच्या माथी. खरं तर तो डबा सर्किटमधला सगळ्यात नाजूक साक्षीदार असतो. इतरांचं बिघडलेलं तो आधी सांगतो.

या गाडीत होता तो दोन पिनांचा, कंडेन्सर म्हणजे वीज साठवणारा भाग असलेल्या जातीचा फ्लॅशर. पत्र्याचा डबा, वर पुसट अक्षरं, १२ व्होल्ट, २१ वॉट गुणिले दोन अधिक ३.४ वॉट. म्हणजे पुढे एक, मागे एक असे एकवीस वॉटचे दोन बल्ब आणि मीटरमधला छोटा दिवा, एवढ्या लोडवर तो नीट चालणार. हा आकडा शोभेसाठी छापलेला नसतो, हे त्याच्या आत काय चालतं ते बघितलं की पटतं.

डब्यात एक लहान रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असते. तिच्या गाभ्यावर दोन गुंडाळ्या. एक जाड तारेची, थोड्या वेढ्यांची. बल्बचा सगळा करंट तिच्यातून जातो. दुसरी बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची. ती कंडेन्सरला जोडलेली. पत्तीवरचे पॉइंट, म्हणजे करंट जोडणारे-तोडणारे कॉन्टॅक्ट, मुळात मिटलेले असतात. स्विच लावला की करंट पॉइंटमधून, जाड गुंडाळीतून बल्बकडे जातो, त्यासरशी ती गुंडाळी पत्ती ओढते, पॉइंट उघडतात आणि बल्ब विझतो. आता कंडेन्सर बारीक गुंडाळीतून भरायला लागतो, आणि तो भरेपर्यंत त्याच करंटच्या जोरावर पत्ती ओढलेली राहते. भरला की पकड सुटते, पॉइंट मिटतात, बल्ब पेटतो. मग कंडेन्सर उलट्या दिशेने रिकामा होऊ लागतो. त्या वेळी दोन्ही गुंडाळ्या एकमेकींच्या विरुद्ध जोर लावतात, त्यामुळे पत्ती जागची हलत नाही आणि बल्ब पेटलेला राहतो. कंडेन्सर रिकामा झाला की जाड गुंडाळीला मोकळं रान मिळतं, ती पुन्हा पत्ती ओढते. एक ट्रान्झिस्टर नाही, एक आयसी नाही, आणि तरीही मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा अचूक चालणारं हे यंत्र. मला ते फार आवडतं.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढचं सगळं काम त्या दोन गोष्टींवरच चाललं. पहिली, बल्बकडे पुरेसा करंट गेला नाही तर जाड गुंडाळी पत्ती ओढूच शकत नाही आणि बल्ब पेटून राहतो. आमची उजवी बाजू. दुसरी, कंडेन्सर वाळून त्याची धारणशक्ती कमी झाली की तो लवकर भरतो, लवकर रिकामा होतो आणि इंडिकेटर घाई करतो. आमची डावी बाजू. म्हणजे दोष एक नव्हता, दोन होते, आणि एकाने दुसऱ्याला झाकलं होतं.

आधी चार्जिंग पाहिलं, कारण तिथेच गडबड असेल तर पुढचे सगळे आकडे खोटे. या गाडीच्या अल्टरनेटरमध्ये कायमचे लोहचुंबक नाहीत. रोटरच्या फील्ड कॉइलला कार्बन ब्रशमधून करंट मिळतो आणि मेकॅनिकल रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री कट-आऊट म्हणतात, तो करंट कमी-जास्त करतो. कार्बन झिजले की चार्जिंग मार खातं. ते चांगले होते. तीन हजार आरपीएमला बॅटरीवर १४.३ व्होल्ट, हेडलाइट लावून आयडलिंगला १२च्या आसपास. इतपत ठीक. या प्रकारच्या अल्टरनेटरकडून आयडलिंगला याहून फार जास्त मागू नये.

मग वायरिंग ओळखून घेतलं. यामाहाचे रंग एकदा पाठ झाले की अर्धं काम होतं. तपकिरी म्हणजे चावी लावल्यावर येणारी लाइन. तपकिरीवर पांढरी रेघ म्हणजे फ्लॅशरमधून बाहेर पडून हँडलच्या स्विचकडे जाणारी. गडद हिरवी उजव्या बाजूची, चॉकलेटी डाव्या बाजूची, काळी अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट. काकांच्या गाडीत हेडलाइटच्या वाटीत मूळ रंग शाबूत होते, पण सीटखाली कुणीतरी मध्येच तोडून लाल वायरी घातल्या होत्या. लाल, सगळ्या लाल. प्रत्येकीला मीटर लावून दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नाव लिहिलं. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

यानंतरची युक्ती जुन्या गाड्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगाविशी वाटते. फ्लॅशर काढला आणि त्याच्या सॉकेटमध्ये तपकिरी आणि तपकिरी-पांढरी या दोन लाइन एका वायरच्या तुकड्याने थेट जोडल्या. आता इंडिकेटर लावला की बल्ब न लुकलुकता पेटून राहतात. लुकलुकणाऱ्या बल्बवर मीटरचा आकडा कधी स्थिर होत नाही. पेटून राहिलेल्या बल्बवर सावकाश, एकेक जोड तपासता येतो. शिवाय करंट खराखुरा वाहत असतो. हे सगळ्यात महत्त्वाचं. कारण नुसत्या कंटिन्युइटीने, म्हणजे वायर सलग आहे का हे मीटरच्या बीपवरून बघून, जुनं वायरिंग तपासणं म्हणजे फसवणूक करून घेणं. माझ्याकडच्या मीटरची बीप तीस-चाळीस ओहमपर्यंत वाजते. इंडिकेटरच्या वाटेत दोन ओहम आले तरी बल्बचा निम्माअधिक प्रकाश जातो, आणि मीटर मात्र आनंदाने बीप देत राहतो.

तेव्हा मीटर डीसी व्होल्टवर ठेवला, उजवा इंडिकेटर लावला, आणि प्रत्येक जोडाच्या अलीकडे-पलीकडे दोन सुया धरून बघत गेलो. चांगल्या जोडावर शून्याच्या जवळचा आकडा यायला हवा. जे काही व्होल्ट तिथे दिसतील ते बल्बला न मिळता त्या जोडातच उष्णता होऊन जातात.

लोडवर बॅटरी १२.२. काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये गेले ०.४. चावीच्या स्विचमध्ये ०.८. हँडलवरच्या इंडिकेटर स्विचमध्ये ०.५. आणि मग मागच्या उजव्या इंडिकेटरच्या धातूच्या वाटीवर एक सुई आणि बॅटरीच्या निगेटिव्हवर दुसरी सुई ठेवली, तेव्हा २.६. वाटी अर्थ असायला हवी. तिथे शून्य हवं. ती अडीच व्होल्टवर तरंगत होती. बेरीज केली तर ४.३ व्होल्ट वाटेतच गळले आणि मागच्या बल्बला पोचले ७.९.

फिलामेंटच्या बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो; ढोबळमानाने साडेतीनच्या घाताने. बारा व्होल्टच्या बल्बला आठ मिळाले तर प्रकाश दोन तृतीयांश राहत नाही, पाव राहतो. काका म्हणायचे, "बल्ब नवा आहे रे, तरी असा का?" बल्ब नवा होता, खरं आहे. त्याच्यापर्यंत वीजच पोचत नव्हती.

अर्थचे ते २.६ व्होल्ट दोन ठिकाणी वाटले गेले होते. इंडिकेटरची दांडी ते मडगार्ड या जोडात १.७, आणि मडगार्ड ते चेसिस ०.९. मूळ बोल्टखाली धातूला धातू लागून अर्थ मिळत होता. रिस्टोरेशनमध्ये सगळ्या भागांवर पावडर कोटिंगचा जाड थर चढला आणि बोल्ट त्या थरावरच कसले गेले. पावडर कोटिंग म्हणजे उत्तम इन्सुलेटर. आता करंट जात होता तो बोल्टच्या आट्यांमधून, जेवढा कसाबसा जाईल तेवढा. ज्यांनी काम केलं त्यांनी रंगाचं काम मन लावून केलं होतं, यात शंका नाही. पण गाडी रंगवताना अर्थचे पॉइंट झाकून ठेवायला हवेत, हे रंगारी आणि वायरमन या दोघांपैकी कुणाचं काम हे ठरलेलं नसतं, आणि ते राहून जातं.

ब्रेकचं कोडंही इथेच सुटलं. ब्रेकचा बल्ब त्याच मडगार्डवरून अर्थ घेतो. तो पेटला की त्याचाही करंट त्याच अरुंद वाटेने जायला बघतो आणि मडगार्डचं व्होल्टेज ०.९वरून १.९ला चढतं. तेवढ्याने डाव्या बाजूचा करंटही कमी पडतो आणि जाड गुंडाळी हरते. हेडलाइटचं तेच, फक्त तिकडे गळती अर्थवर नसून चावीच्या स्विचमध्ये आणि फ्यूज होल्डरमध्ये. हेडलाइट लावला की त्या दोन जागांमधून जाणारा करंट बराच वाढतो, आणि त्याबरोबर गळतीही. दुसऱ्या एका गाडीवर ही सगळी लक्षणं वेगवेगळी धरून चार ठिकाणी पैसे गेलेले मी पाहिले आहेत.

उजव्या बाजूला एक जादा गोष्ट सापडली. पुढचा बल्ब दहा वॉटचा निघाला. दहा आणि एकवीस वॉटचे बल्ब एकाच होल्डरमध्ये बसतात, काच थोडी लहान-मोठी एवढाच फरक, त्यामुळे कुणी बसवला ते कळायला मार्ग नाही. एकवीस आणि एकवीसला साधारण साडेतीन अँपिअर लागतात. एकवीस आणि दहाला अडीचच्या आसपास. त्यात अर्थची बोंब. फ्लॅशर बिचारा ओढणार कशाच्या जिवावर?

दुरुस्तीची सुरुवात अर्थपासून केली. पावडर कोटिंग खरवडायला काकांनी साफ नकार दिला असता आणि मलाही ते करायचं नव्हतं. खरवडलेल्या जागी पावसाळ्यात गंज धरतो. त्याऐवजी चारही इंडिकेटरच्या होल्डरमधून एकेक काळी वायर काढली. होल्डरच्या पत्र्यावरचा गंज घासून तिथे कथलाचा डाग दिला, वायर दांडीच्या पोकळीतून आत घेतली, मागच्या दोन आणि टेललाइटची एक अशा तिन्ही सीटखाली एकत्र करून सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला. पुढच्या दोन हेडलाइटच्या वाटीतून तशाच मागे आणल्या. पुढचा अर्थ हँडलच्या बेअरिंगमधल्या गोळ्यांवर आणि ग्रीसवर सोडून देऊ नये. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. वायरच्या टोकाला लागणारं थिंबल नुसतं प्लायरने दाबलेलं नको, क्रिंपिंग टूलने दाबायचं, वर स्लीव्ह, बोल्टखाली दातेरी वॉशर आणि शेवटी व्हॅसलिनचा हात.

फ्यूज होल्डर फेकून दिला आणि ब्लेड फ्यूजचा नवा, झाकणवाला लावला. मूळपणाचा आग्रह मी धरतो, पण सीटखालच्या फ्यूज होल्डरवर नाही. तिथे चाळीस वर्षांच्या स्प्रिंगवर विश्वास ठेवण्यात काही शहाणपण नाही.

चावीचा स्विच मात्र मूळचाच ठेवायचा होता. मागची प्लेट चार कानांनी अडकवलेली असते. एकेक कान पातळ स्क्रू-ड्रायव्हरने जेमतेम हलेल इतका उचलायचा, नाहीतर तुटतो. आत पितळी पट्ट्यांवर जुनं ग्रीस लाखेसारखं घट्ट झालं होतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने ते सुटलं. पट्ट्यांवर बरोबर जिथे फिरता कॉन्टॅक्ट थांबतो तिथे काळे डाग होते. ते शाळेच्या खोडरबरने घासून काढले. पॉलिश पेपर लावला की पितळ ओरखडतं आणि पुढचा डाग लवकर पडतो. नवं ग्रीस अगदी पुसट लावलं.

हँडलवरचा स्विच उघडताना मी नेहमी एक मोठी पारदर्शक पिशवी घेतो आणि हात आत घालून काम करतो, कारण सरकत्या बटणाखाली एक स्प्रिंग आणि एक बारीक छर्रा असतो आणि दोन्ही उडून गेल्यावर सापडत नाहीत. आत बघितलं तर तांब्याचे तीन ठिपके हिरवे पडलेले, मधला सगळ्यात जास्त. तपकिरी-पांढरी वायर तिथेच येते. त्या वायरच्या शेवटच्या इंचभर भागात इन्सुलेशनखाली तांबं काळं पडलं होतं. अशा काळ्या तांब्यावर कथील चढतच नाही, कितीही फ्लक्स लावा. इंचभर कापून टाकली, आत चकचकीत तांबं लागलं, मग डाग बसला. टीप गरम करून, क्षणभर टेकवून लगेच उचलायची. जास्त वेळ धरली तर खालचं प्लास्टिक वितळून ठिपका वाकडा बसतो आणि स्विच कायमचा गेला.

हे सगळं जोडून, उजवीकडे पुढे एकवीसचा बल्ब घालून पुन्हा मीटर लावला. फ्यूज ०.०५, चावी ०.१५, हँडल स्विच ०.१, अर्थ ०.०५. मागच्या बल्बला ११.८५ व्होल्ट. मागचा दिवा आधीपेक्षा चौपट झाला होता. काका चहा घेऊन आले, ते गाडीच्या मागेच उभे राहिले. "हे बल्ब बदललेस का?" "नाही काका, तोच आहे. तुमचाच."

फ्लॅशर परत सॉकेटमध्ये घातला. आता दोन्ही बाजू लुकलुकत होत्या आणि दोन्ही सारख्याच घाईत. मला हेच हवं होतं. जो दोष दोन्ही बाजूंना सारखा दिसतो तो दोघींच्या सामाईक भागात असतो. आता, आणि आत्ताच, फ्लॅशरवर बोट ठेवायला हरकत नव्हती.

डबा उघडण्यात खरी कसोटी आहे. पत्र्याची कड खालच्या बेकेलाइटच्या चकतीवर मुडपलेली असते. ती एका जागी जोर लावून उचकटली तर चकतीला तडा जातो. मी लहान चपट्या स्क्रू-ड्रायव्हरने कड थोडी थोडी उचलत गोल फिरत राहिलो. डबा निघाला. आत दोन्ही गुंडाळ्या स्वच्छ, वार्निश शाबूत, जळल्याचा वास नाही. कंडेन्सरचा रबरी बूड मात्र फुगला होता आणि पायाशी तपकिरी डाग होता. बाहेर काढून मोजला. अंगावर २२०० मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटरने दाखवले सातशेच्या आसपास. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधला द्रव वर्षानुवर्षं वाळत जातो, गाडी चालवा किंवा नुसती उभी ठेवा. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ अंश सेल्सिअसचा मिळाला. १०५चा मुद्दाम मागायचा. ८५चाही चालेल असं दुकानात सांगतात, पण हा डबा टाकीखाली, टू-स्ट्रोक इंजिनाच्या गरम वाऱ्यात बसतो. नवा जुन्यापेक्षा बराच लहान असतो, त्यामुळे नुसत्या दोन पायांवर लोंबकळत ठेवला तर गाडीच्या थरथरीने पाय तुटतात. तो सिलिकोनने चिकटवला, आणि सिलिकोन न्यूट्रल क्युअर म्हणून मिळतं ते. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकोन सुकताना आम्ल सोडतं आणि आतलं तांबं खातं. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह जुन्याप्रमाणेच.

पॉइंटवर चांदीचा मुलामा असतो. त्यांना पॉलिश पेपर दाखवायचा नाही. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पॉइंटच्या मध्ये धरली आणि हलकेच ओढली. काळी रेघ घेऊन बाहेर आली. दुसरी पट्टी जवळपास कोरी निघाली, तिथे थांबलो. पत्तीच्या स्प्रिंगला हात लावला नाही. तिचा ताण कारखान्यात लावलेला असतो.

तपकीर गल्लीतल्या दुकानदारांनी मला विचारलं होतं की एवढा खटाटोप कशाला, ५५५ नावाच्या टायमर चिपवर रिले बसवून फ्लॅशर करून टाका. प्रश्न रास्त होता, त्यांना उत्तरही दिलं. या गाडीच्या फ्लॅशरला दोनच वायरी येतात, अर्थ येतच नाही. बल्ब पेटलेला असताना दोन्ही पिनांवर जवळजवळ सारखं व्होल्टेज असतं, म्हणजे ५५५ला स्वतः जगायला वीज उरत नाही. त्यासाठी तिसरी वायर ओढावी लागते. तीन पिनांच्या इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला ती असतेच. तो पर्याय वाईट नाही, बुलेटवर मी स्वतः वापरला आहे, आणि एक बल्ब गेला की तो दुप्पट वेगाने लुकलुकून चालवणाऱ्याला कळवतो, ही त्याची जमेची बाजू. पण जो डबा एका कंडेन्सरने पुन्हा उभा राहतो तो फेकायचा का?

एलईडी बल्बांचं मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगतो, आधी सर्किट समजून घ्या. एलईडी घातले की करंट इतका कमी होतो की कंडेन्सरचा फ्लॅशर जागचा हलत नाही. मग एलईडीचा फ्लॅशर घालतात, आणि चारही दिवे एकदम लुकलुकायला लागतात. कारण मीटरमधला इंडिकेटरचा एकच दिवा उजव्या आणि डाव्या लाइनच्या मध्ये जोडलेला असतो. उजवी बाजू चालू असताना त्याचा करंट डावीकडच्या विझलेल्या बल्बांमधून अर्थला जातो. साध्या बल्बला तेवढ्याशा करंटने काही होत नाही. एलईडी मात्र तेवढ्यावरही पेटतात. उपाय दोन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग, १एन४००७, प्रत्येकी दोन रुपयांचे. दोन्ही लाइनवरून एकेक डायोड दिव्याच्या एका टोकाला, दुसरं टोक अर्थला. ज्यांना एलईडी घालायचेच आहेत त्यांनी एवढं करावं. काकांच्या गाडीत ते घालायची गरज नव्हती.

डबा बंद केला, कड हलक्या हाताने परत दाबली, सॉकेटमध्ये घातला. स्विच उजवीकडे. पहिली उघडझाप जराशी लांबली, मग लय धरली. मोबाइलवर मिनिट लावून मोजले तर ८४. डावीकडे ८६. युरोपीय नियमांत मिनिटाला ९० अधिक-उणे ३० ही मर्यादा आहे, म्हणजे आम्ही बरोबर मध्याच्या जवळ होतो. हेडलाइट लावून, ब्रेक दाबून, आयडलिंगवर मोजले तेव्हा सत्तरीत आले, पण अडकले नाहीत. व्होल्टेज पडलं की हा फ्लॅशर थोडा रेंगाळणारच.

यामाहाने आरडी ४००वर १९७६मध्ये आपोआप बंद होणारे इंडिकेटर दिले होते, स्पीडोमीटरमधल्या रीड स्विचने, म्हणजे चुंबकाने मिटणाऱ्या स्विचने, अंतर मोजून. आपल्याकडच्या राजदूतला ती सोय नव्हती. काकांना वळल्यावर इंडिकेटर बंद करायचा विसर पडतो, त्यामुळे एक छोटा बझर लावून देऊ का असं मी विचारलं. "नको. टू-स्ट्रोकच्या आवाजात तो ऐकू येणार आहे का मला?" हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

पासिंग झालं. साहेबांनी हेडलाइट, ब्रेक, हॉर्न आणि दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावून बघितले. सगळे व्होल्टचे आकडे आधीचे आणि नंतरचे असे एका कागदावर लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सीटखाली टूलकिटजवळ ठेवलेत. पुढच्या वेळी जो कुणी उघडेल त्याला कुठून सुरुवात करायची ते कळेल.

एक गोष्ट राहिली आहे. हँडलच्या स्विचमधली ती छर्‍यामागची स्प्रिंग थकली आहे. मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली की बटण डावीकडून आपोआप मध्ये सरकतं. उजवीकडून सरकत नाही, कारण त्या बाजूची खाच कमी झिजली आहे. नाना पेठेत नवे स्विच मिळतात, पण त्यांचं बटण वेगळ्या आकाराचं आहे आणि तपकिरी-पांढऱ्याच्या जागी दुसरेच रंग आहेत. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी मूळ स्विच निघतो का ते बघतोय. तोवर बॉलपेनच्या स्प्रिंगचा तुकडा मापात कापून घालून बघणार आहे. जाडी जवळपास सारखी आहे, ताण किती बसतो ते घातल्यावर कळेल.